पोटातला भाडेकरू

मुंबईत ज्याचे आयुष्य गेले त्याला भाडेकरू हा काय प्राणी आहे हे निराळे सांगावे लागत नाही. तो एकदा आत शिरला की सहसा बाहेर पडत नाही. कोर्टाची नोटीस लागते, बेलिफ येऊन जातो, दाराला कुलूप दिसते आणि घरमालक पेढे वाटतो. सहा महिन्यांनी पाहावे तो गृहस्थ त्याच खिडकीत उभे राहून दात घासत असतात! ते गेलेलेच नसतात. बाहेरून कुलूप लावून मागच्या दाराने आत जाऊन बसलेले असतात.

असा एक भाडेकरू माझ्या पोटात जवळजवळ साठ वर्षे राहत होता. त्याला बाहेर काढल्याचे पेढे मी एकदा वाटले, आणि आठ महिन्यांनी तो पुन्हा खिडकीत दिसला, तेव्हा त्याला परत घरात कोणी घेतले याचा शोध मी सुरू केला. त्या शोधापायी मी घरातल्या माणसांशी जसा वागलो त्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते. पण ती हकीकत इतरांच्या उपयोगी पडण्यासारखी आहे, म्हणून सांगतो.

वडिलांचे दुखणे

प्रारंभ माझ्या वडिलांपासून करावा लागेल. आम्ही गिरगावात एका चाळीत राहत होतो. वडील एका कापडगिरणीच्या हापिसात कारकून. १९६३ साली त्यांना पोटदुखी जडली. मध्यरात्री दोन वाजता ते उठून बसत, पोटाशी उशी धरत आणि आईला हाक न मारता स्वतःच पेलाभर दूध घेत. दूध घेतले की तासभर बरे वाटे. मग पुन्हा दुखू लागे. डॉक्टरांनी निदान केले अल्सर, म्हणजे आतड्यातला व्रण. कारणे सांगितली दोन : तिखट खाणे आणि चिंता.

चिंता कारकुनाच्या घरात असायचीच, तिचे काय करणार? राहिले तिखट. आमची आजी तेव्हा घरात होती. आई माहेरची घाटावरची, तिचा हात फोडणीला सढळ. आजी एकदाच म्हणाली, पण सर्वांसमक्ष म्हणाली, "तुझ्या मिरचीनं माझ्या मुलाचं आतडं जाळलं." त्या दिवसापासून आमच्या घरातून मिरची हद्दपार झाली. मुगाची खिचडी, दूधभात, पाणचट वरण. दिवाळीचा चिवडासुद्धा आमच्याकडे गोडच होई.

इतके पथ्य करून वडिलांना गुण आला नाही. १९७१ साली त्यांना रक्ताची उलटी झाली आणि दोन दिवसांत सारे संपले. मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि आई चाळीस वर्षांची. आजीने नंतर कधी तो विषय काढला नाही. तो काढण्याची आवश्यकताही नव्हती. आईने मिरची पुन्हा हातात धरली नाही. लग्न होऊन आमची सौभाग्यवती घरात आली, तिने आपल्या आवडीचा स्वयंपाक सुरू केला, तरी आईची भाजी वेगळी, बिनतिखटाची. आम्हाला वाटे, तिला ते मानवत नसेल.

माझी पाळी

२०१८ च्या एप्रिलमध्ये मलाही रात्री दोन वाजता जाग येऊ लागली. मी बँकेतून निवृत्त झालेलो, डोक्याला कसली चिंता नाही, मुलगा मार्गी लागलेला. पहिले दोन आठवडे मी "पित्त आहे" म्हणून सोडून दिले. मग एके सकाळी शौचाला डांबरासारखे काळे झाले. हे कोणाला होईल तर एक दिवसही वाट पाहू नका. तो आत रक्तस्राव होत असल्याचा इशारा असतो. मी ती वाट पाहिली नाही, एवढे शहाणपण वडिलांनी मला देऊन ठेवले होते.

तोंडातून नळी घालून, तिच्या टोकाशी असलेल्या कॅमेऱ्याने पोट आतून पाहतात, त्याला एंडोस्कोपी म्हणतात. माझ्या लहान आतड्याच्या सुरुवातीलाच व्रण निघाला. डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी जठराच्या अस्तराचा तांदळाएवढा कण काढून एका पिवळ्या चकतीवर ठेवला होता. थोड्या वेळाने ती चकती गुलाबी झाली.

"काका, हा पाहा तुमचा चोर," त्या म्हणाल्या. "हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. तो युरियाचा अमोनिया करतो, म्हणून रंग बदलला."

"जंतू? आणि तिखट, चिंता?"

"त्यांच्यावर आळ घेण्यात फार वर्षं गेली," त्या म्हणाल्या.

ईस्टरची सुट्टी

घरी येऊन मी या जंतूची कुंडली काढली. ती मोठी मनोरंजक आहे.

जठरात अन्न पचवायला जे आम्ल असते ते इतके तीव्र की तिथे कोणताही जंतू तग धरणार नाही, असे डॉक्टर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या मानत आली होती. "आम्ल नाही तर व्रण नाही" हे सूत्र १९१० पासून वैद्यकात रूढ होते. ग्रीसमधल्या मेसोलोंगी गावचा जॉन लायकौडिस नावाचा एक डॉक्टर १९५८ पासून अल्सरच्या रोग्यांना जंतुनाशक औषधे देऊन बरे करू लागला. त्याचे कोणी ऐकले नाही, उलट १९६८ साली त्याला दंड मात्र झाला.

१९७९ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरेन या विकृतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली जठराच्या अस्तरावर चिकटलेले वाकडे-तिकडे जंतू दिसले. १९८१ साली त्याला बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर येऊन मिळाला. दोघांनी तो जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहायचे ठरवले. पण एकापाठोपाठ एक बशी रिकामी निघे, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की बशी फेकून द्यायची असा तिथला शिरस्ता होता. १९८२ साली ईस्टरची लांब सुट्टी आली, बश्या उबवणीच्या पेटीत तशाच राहून गेल्या, आणि सुट्टीनंतर पाहतात तो जंतू उगवलेला! त्याला अधिक दिवस हवे होते, इतकेच.

तरीही लोकांना पटेना. तेव्हा १९८४ साली मार्शलने बायकोला न सांगता त्या जंतूंचा काढा स्वतःच पिऊन टाकला. आठवड्याभरात मळमळ, उलट्या आणि तोंडाला दुर्गंधी सुरू झाली. नळी घालून पाहिले तर जठराला सूज आणि तिच्यावर तेच जंतू. बायकोला कळल्यावर घरात काय संवाद झाला असेल त्याची कल्पना विवाहित वाचकांनी करावी. २००५ साली वॉरेन आणि मार्शल या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

माझे वडील १९७१ साली गेले. पर्थला तो जंतू दिसायला अजून आठ वर्षे होती.

चौदांतले नऊ दिवस

उपचार अगदी साधा होता. दोन प्रकारची जंतुनाशके आणि आम्ल कमी करणारी एक गोळी, सकाळ-संध्याकाळ, चौदा दिवस. डॉक्टरीणबाईंनी मला बजावले, "काका, तोंड कडू होईल, पोट थोडं बिघडेल, पण एकही गोळी चुकवायची नाही. नंतर दीड महिन्यानं फुंकरीची तपासणी. आणि त्या तपासणीआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद."

त्यांनी सांगितलेले सर्व खरे ठरले. तोंडाला अशी चव आली की जणू जुना तांब्याचा पैसा चघळतो आहे. नवव्या दिवशी पुतणीच्या लग्नासाठी कोल्हापूरला जायचे होते. लग्नाचे जेवण आणि तोंडात तांब्याचा पैसा! दुखणे तर चौथ्याच दिवशी थांबले होते. मी मनाशी म्हटले, नऊ काय आणि चौदा काय. पाकीट कपाटात राहिले.

दीड महिन्याने फुंकरीची तपासणी केली. विशिष्ट युरिया घातलेले पाणी प्यायचे, आणि आधी व अर्ध्या तासाने एका पिशवीत फुंकर मारायची. पोटात जंतू असला तर तो त्या युरियाचे तुकडे करतो आणि त्यातून सुटलेला, खुणेचा कर्बवायू फुंकरीत सापडतो. माझी फुंकर निर्मळ निघाली. मी खरोखरीचे पेढे आणून वाटले.

एक गोष्ट मात्र कोणाला सांगितली नाही. पुन्हा दुखेल या भीतीने आम्लाची गोळी मी तपासणीच्या सकाळपर्यंत घेत होतो.

परत आला!

२०१९ च्या फेब्रुवारीत पुन्हा रात्रीचे दोन वाजू लागले. पुन्हा तपासणी, या वेळी फुंकरीत जंतू सापडला.

आता वाचकांनी माझ्या डोक्यात काय आले ते ऐकावे. पहिला जंतू गेला होता, त्याचा दाखला माझ्या फायलीत होता. याचा अर्थ हा दुसरा. हा बाहेरून आला. आणि निवृत्त माणसाचे बाहेर म्हणजे काय? घरच!

डॉक्टरीणबाईंची भेट तीन आठवड्यांनी मिळायची होती. तेवढ्यात मी डिटेक्टिव्ह झालो. पाण्याचा फिल्टर उघडून साफ केला. सौ.ला विचारले, तू चौपाटीवर पाणीपुरी केव्हा खाल्लीस? माझे ताट, वाटी, फुलपात्र वेगळे केले आणि ते गरम पाण्याने धुवायचा हुकूम सोडला. सौ.ने दोन दिवस ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, अडतीस वर्षं शेजारी ताट मांडून जेवलात, तेव्हा नाही चावला तो जंतू?"

या प्रश्नात बरेच शास्त्र होते. ते मला नंतर कळले. त्या वेळी मी रागावलो.

मग माझी नजर आईकडे वळली. आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. माझा चार वर्षांचा नातू तिच्या मांडीवर बसून जेवायचा. काऊचा घास, चिऊचा घास करीत ती त्याला भरवायची आणि उरलेला घास स्वतः खायची. मी वाचले होते की हा जंतू तोंडातून, उलटीतून, अस्वच्छ हातांतून आणि पाण्यातून पसरतो, आणि घरातल्या घरात पसरतो. मी तिला म्हणालो, "आई, त्याला आता तू भरवत जाऊ नकोस. जंतूचं आहे."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तर तिची खुर्ची रिकामी. ती आपल्या खोलीत, स्टुलावर ताट घेऊन बसली होती. "मला इथंच बरं वाटतं," म्हणाली. तिने आपले फुलपात्रही वेगळे करून घेतले होते आणि चुकून कोणी घेऊ नये म्हणून त्याच्या गळ्याशी लाल दोरा बांधला होता.

ते पाहूनही मला शरम वाटली नाही. घरात नियम पाळले जात आहेत याचे समाधान वाटले.

दोन प्रश्न

डॉक्टरीणबाईंसमोर मी माझा तपास मांडला. फिल्टर, पाणीपुरी, सर्व काही. त्यांनी शांतपणे ऐकले.

"काका, दोन गोष्टी विचारते, रागावू नका. गेल्या वर्षीच्या गोळ्या चौदा दिवस घेतल्यात?"

मी खिडकीकडे पाहिले. सौ.ने माझ्याकडे पाहिले.

"आणि फुंकरीच्या आधी आम्लाची गोळी बंद केली होतीत?"

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते असे. आम्लाच्या गोळीने जंतू मरत नाही, पण दबतो, त्याची संख्या आणि हालचाल घटते. त्यामुळे जंतू असूनही फुंकर निर्मळ निघू शकते. म्हणून ती गोळी दोन आठवडे, आणि जंतुनाशके निदान चार आठवडे, बंद असल्याखेरीज ही तपासणी करू नये. माझ्या फायलीतला तो दाखला म्हणजे बाहेरून लावलेले कुलूप होते. भाडेकरू आतच होता.

"म्हणजे तो परत आला नाही?"

"तो गेला होता कुठं, काका?"

नवा की जुना

उपचारानंतर जंतू पुन्हा दिसला तर त्याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक, जुनाच जंतू थोडा उरला होता, तो पुन्हा माजला. दोन, तो पुरता गेला होता आणि नवा लागला. शास्त्रज्ञांनी अनेक रोग्यांच्या जंतूंचे, उपचाराआधीचे आणि नंतरचे, वाण ताडून पाहिले आहेत. माणसाच्या बोटांचे ठसे ताडावेत तसे. पहिल्या वर्षाच्या आत जो जंतू परत दिसतो तो बहुतेक वेळा जुनाच असतो, असे त्यातून दिसून आले. वर्ष उलटून गेल्यावर परत येण्याचे प्रमाण बरेच कमी होते.

मग खरोखर नवा जंतू लागतच नाही का? लागतो. पण किती लागतो हे देशादेशावर अवलंबून आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र केले होते. जंतू गेल्याचे फुंकरीने ठरल्यानंतर, श्रीमंत देशांत शंभरांतल्या अडीच-पावणेतीन जणांत तो दर वर्षी पुन्हा सापडला, आणि गरीब देशांत तेरा जणांत. बांगलादेशातील २००१ च्या अभ्यासातही वर्षाला शेकडा तेरा हेच प्रमाण आले. उलट आपल्या मुंबईतील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भारतीय प्रौढांना नव्याने हा जंतू लागणे किंवा बरा झाल्यावर पुन्हा लागणे विरळच असते, असे दिसले.

याचे कारण असे. हा जंतू बहुधा लहानपणी, पहिल्या काही वर्षांत पोटात शिरतो आणि घालवला नाही तर जन्मभर राहतो. जगातील निम्म्याच्या आसपास माणसांच्या पोटात तो आहे आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. शंभरांतल्या दहा-पंधरांनाच पुढे व्रण होतो आणि थोड्यांना जठराचा कर्करोग. त्यासाठीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात बसवले. पण मोठ्या माणसाला, स्वच्छ पाणी आणि मोकळे घर असताना, तो सहजासहजी लागत नाही.

सौ.ची तपासणी केली. तिची फुंकर स्वच्छ निघाली! अडतीस वर्षे माझ्या शेजारी ताट मांडून! तिने तो कागद घडी करून आपल्या पाकिटात ठेवला, आणि अजून तो तिथेच आहे.

चीनमधल्या डॉक्टरांनी अलीकडे असा विचार मांडला आहे की एकाला जंतू सापडला तर घरातल्या इतर प्रौढांचीही तपासणी करावी, आणि जेवताना वाढायचे चमचे-काड्या वेगळ्या ठेवाव्यात. आपल्याकडच्या उष्ट्या-खरकट्याच्या विचाराची मला आठवण झाली. आईचे काय करायचे, ते मी विचारले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, कसलीच तक्रार नसलेल्या बाईंना दोन आठवडे जंतुनाशके देऊन मी काय मिळवू? नातवाला भरवायचे असेल तर हात साबणाने धुवून खुशाल भरवू दे. आपल्या तोंडातला चमचा किंवा चावलेला घास त्याच्या तोंडात घालू नये, म्हणजे झाले.

या वेळी औषधे बदलली. एकदा अर्धवट मार खाऊन वाचलेला जंतू त्याच औषधाला सहसा दाद देत नाही. चार प्रकारची औषधे, पुन्हा चौदा दिवस. त्यातल्या बिस्मथने जीभ आणि शौच काळे होते, ते निरुपद्रवी असते. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगितले नसते तर माझे हृदय बंद पडले असते. सौ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीमागे एक फुली मारी आणि मी गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून पाही. छप्पन्न वर्षांपूर्वी म्युनिसिपालिटीच्या शाळेत कृमीचे औषध पाजायला आलेल्या नर्सनंतर असा प्रसंग माझ्यावर आला नव्हता.

दीड महिन्याने, सर्व पथ्ये पाळून, तपासणी केली. जंतू गेला होता. २०२१ साली पुन्हा एकदा केली. नव्हताच.

आईचा प्रश्न

डॉक्टरीणबाईंकडून पहिल्यांदा परत आलो त्या संध्याकाळी मी आईच्या खोलीत गेलो आणि फुलपात्राचा लाल दोरा सोडू लागलो. गाठ घट्ट बसली होती. आईने विचारले, "काय म्हणाल्या बाई?"

मी सांगितले, माझीच चूक होती, मी औषध अर्धे सोडले. घरात कोणाचा दोष नव्हता. आणि त्या ओघात म्हणालो, "बाबांनाही बहुधा हेच झालं असणार, आई. त्या काळच्या बहुतेक आतड्यातल्या व्रणांमागं हाच जंतू होता."

"म्हणजे मिरचीनं नव्हे?"

"नव्हे. तिखट झालेल्या व्रणावर झोंबेल; पण व्रण त्यानं होत नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मी अट्ठेचाळीस वर्षे ज्याला पथ्य समजत होतो ते काय होते, हे मला तेव्हा, चौसष्टाव्या वर्षी समजले. पर्थची हकीकत माझ्या तरुणपणीच वर्तमानपत्रांत आली असेल. २००५ साली नोबेल मिळाले तेव्हा मी पन्नास वर्षांचा होतो. ती शेजारच्या खोलीत बसून बिनतिखटाची भाजी खात होती, आणि तिला हे जाऊन सांगावे असे मला कधी सुचले नाही.

मग तिने विचारले, "तो जंतू आला कुठून? त्यांना, आणि तुला?"

या प्रश्नाची मला भीती होती. कारण मी वाचले होते की मुलाला हा जंतू घरातून लागतो, आणि पुष्कळदा आईकडूनच लागतो. एका हाताने मिरचीचा आळ काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने हा द्यायचा?

मी म्हणालो, "बाबांचा तर तू त्या घरात येण्याआधीचा. लहानपणीच लागतो तो. त्यांच्या गावी लागला असेल. आणि माझा आपल्या चाळीतला. आठव, एका खोलीत आठ माणसं, वीस बिऱ्हाडांत चार संडास, सकाळी दोन तास पाणी आणि तेच पिंपात दिवसभर."

हे खोटे नव्हते. लहानपणची दाटी आणि अशुद्ध पाणी यांच्याशीच या जंतूचा सर्वांत घट्ट संबंध जगभर आढळला आहे, आणि राहणी सुधारली तिथे पुढल्या पिढीत तो आपोआप कमी झाला आहे. आई असो की आत्या असो, आठ जणांच्या खोलीत कोणाकडून कोणाला लागला याचा हिशेब लावता येत नाही. जे सांगता येण्यासारखे होते ते मी सांगितले.

"चार नव्हते रे संडास," आई म्हणाली, "तीन होते. चौथ्याला कायम कुलूप."

दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची टेबलाशी होती, आणि हात धुवून आलेला नातू तिच्या मांडीवर.

जाता जाता

या अनुभवातून चार गोष्टी हाती लागल्या, त्या सांगून टाकतो. रात्रीची पोटदुखी वारंवार होत असेल तर नुसत्या आम्लाच्या गोळ्यांवर वर्षे काढू नका, तपासून घ्या. जंतू मारायचे औषध दिले तर ते दिलेले सर्व दिवस घ्या. दुखणे थांबणे आणि जंतू मरणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. जंतू गेल्याची खात्री फुंकरीने किंवा शौचाच्या तपासणीने करून घ्या, आणि तीही नियम पाळून. रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका, कारण जंतू गेल्यावरही रक्तातील त्याच्या खुणा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे राहतात. आणि जंतू नसतानाही व्रण झाला तर औषधांच्या पेटीकडे पाहा; गुडघेदुखी-पाठदुखीच्या गोळ्या आणि ॲस्पिरिन हे व्रणाचे दुसरे मोठे कारण आहे. अर्थात ॲस्पिरिन हृदयासाठी दिलेले असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नये.

त्या वर्षीच्या दिवाळीत सौ. चिवड्याची तयारी करीत होती. आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "फोडणी मी घालते. सहा मिरच्या दे, हिरव्या."

"तिखट होईल हो, आई."

"होऊ दे."

चिवडा इतका तिखट झाला की नातवाने पहिल्याच घासाला पाणी मागितले. आई २०२२ साली गेली. आमच्याकडे अजूनही चिवड्याला सहा मिरच्या पडतात. डबा उघडला की सौ. आधी माझ्याकडे पाहते, मग विचारते, "गोळ्या संपवल्या होत्या ना?"